कोथिंबिरीला गेलेली फियाट

रविवारी सकाळचा दुसरा चहा झाला की आमच्या घरात एकच विषय निघतो: आज फियाटला कुठे न्यायचं?

नीट ऐका. फियाटमधून कुठे जायचं, असं नाही. तिला कुठे न्यायचं. म्हातारा कुत्रा असलेल्या घरात ‘याला आज कोण फिरवून आणणार’ असं विचारतात ना, त्या चालीवर. कोथिंबीर खरं तर आमच्या कोपऱ्यावर मिळते. पण कोपरा चारशे पावलांवर, तेवढ्यात इंजिन कोमटसुद्धा होत नाही. म्हणून आम्ही कोथरूडहून थेट मार्केट यार्डात जातो. वीस रुपयांची जुडी, दीडशेचं पेट्रोल. खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, “काय ताई, आज कुठे दौरा?” मी पिशवी दाखवते. ते हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

गाडी आईची. प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची. कागदावर पद्मिनी, घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. कंपनीनं १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव देऊन पाहिलं, पण लोकांच्या तोंडी फियाट बसलं ते बसलंच. तिच्या आधीच्या गोलमटोल मॉडेलला मुंबईकर चक्क ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. त्या मानानं आमचीचा मान राखला गेला म्हणायचा.

आई साताऱ्यात डॉक्टर. आजूबाजूच्या गावांतून रात्री-अपरात्री बाळंतपणाचं बोलावणं यायचं आणि ती नऊवारीतल्या आज्यांना तोंडाचा आ वासायला लावत स्वतः गाडी काढायची. बाबांनी स्टीअरिंगला उभ्या जन्मात हात लावला नाही. ते शेजारी बसायचे, मांडीवर आईची बॅग आणि हातात तीन सेलची बॅटरी. गावात शिरलं की पोरं ‘डॉक्टरीणबाईंची फियाट आली’ करत मागं धावायची. पुढे दवाखाना बंद झाला, बाबा गेले, आई माझ्याकडे पुण्याला आली. गाडी साताऱ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. अकरा वर्षं.

शेडमध्ये उभ्या गाडीवर आधी चादर येते. मग चादरीवर रिकामं खोकं येतं. मग जुनी सतरंजी, कुंडीची बशी, कुणाच्या तरी लग्नातली शिल्लक पत्रावळ्यांची चवड. मी शेवटी चादर ओढली तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांचा तीन पिढ्यांचा संसार होता आणि सीटमधला काथ्या त्यांनी अंथरूण म्हणून वापरला होता. वायरिंगही चघळलेलं. चारही टायर बसलेले. मी तिथेच भंगारवाल्याला फोन लावणार होते. मिस्त्री म्हणाले, “ताई, आधी इंजिन फिरतंय का बघू. मग रडा.”

हे मिस्त्री पूर्वीपासून आईची गाडी बघायचे. आता गॅरेज मुलाकडे, ते फक्त बाकावर बसून सूचना करतात. फियाट म्हटल्यावर बाकावरून उठले. मी बॅटरी जोडून किल्ली फिरवायला निघाले होते, तर हात धरला. बरीच वर्षं उभ्या गाडीला एकदम स्टार्टर मारायचा नसतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजानं धरलेल्या असतात, जोर लावला तर ओरखडे पडतात नाहीतर रिंग मोडते. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं ऑइल सोडलं आणि म्हणाले, “चला, चार दिवसांनी या.” चार दिवसांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागून ढकलली. आधी ढिम्म. मग कुठून तरी ‘फुस्स’ असा आवाज आला आणि फॅनचं पातं बोटभर सरकलं. मिस्त्रींनी आकाशाकडे बघून नमस्कार केला. मीही केला, उगीच राहायला नको.

त्यापुढचं सगळं उलगडत सांगत बसले तर तुम्ही उठून जाल. पेट्रोलच्या टाकीत तळाशी डांबरासारखा थर होता; टाकी उतरवून आत साखळीचे तुकडे आणि रॉकेल टाकलं आणि मिस्त्रींच्या मुलानं ती अर्धा तास पाळण्यासारखी हलवली. ब्रेकचे सिलिंडर तर चारही चाकांचे गंजलेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी आतून सिलिंडर खातं. पायाखालचं मॅट उचललं तेव्हा शेडची फरशी दिसली. पत्रा कापून नवा जोडला, लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासली, परत भरली. आठ महिने मी दर शनिवारी साताऱ्याला आणि घरी येताना पिशवीत कंदी पेढे, कारण नवऱ्याला खर्चाचा आकडा सांगताना हातात काहीतरी गोड असावं.

एक गोष्ट मात्र सांगतेच. पॉइंट. हल्लीच्या गाड्यांत ही वस्तू नसते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली नखाएवढ्या दोन धातूच्या टिकल्या असतात. आतला दांडा फिरतो, त्याला चार उंचवटे. प्रत्येक उंचवट्याला टिकल्या एकमेकींपासून दूर होतात आणि त्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी मिळते. उघडल्यावर दोघींतली फट अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी हवी. तेवढ्यावर अख्खी गाडी. मिस्त्रींनी फीलर गेज लावून फट बसवली. मग माझ्या पर्समधली लग्नपत्रिका मागितली, तिची एक कोरी पट्टी फाडली आणि टिकल्यांच्या मधून हलकेच ओढली. काळी रेघ आली. परत ओढली. फिकट रेघ. तिसऱ्यांदा पट्टी पांढरी निघाली. मग चार वायरी प्लगांना लावताना पाढ्यासारखं पुटपुटले, “एक, तीन, चार, दोन.” सिलिंडर त्याच क्रमानं पेटतात. मी ते पाठ केलंय. मला स्वतःच्या मुलाचा मोबाइल नंबर पाठ नाही.

सुटे भाग कुठून आणायचे, हा दुसरा प्रपंच. त्यासाठी आम्ही कुर्ल्याला गेलो. ही एका अर्थी माहेरची फेरी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. इटलीनं साठीच्या दशकातच तिचा नाद सोडला आणि पुढे निघून गेली. कुर्ल्यात मात्र तेच १०८९ सीसीचं इंजिन घेऊन ती शतक संपेपर्यंत बनत राहिली. एक काळ असा होता की पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. आता कारखाना नाही, त्या बाजूच्या रस्त्याचं प्रीमियर रोड हे नाव तेवढं टिकून आहे. आणि तिथून जवळच, सीएसटी रोडवर, जुन्या गाड्या सोलून टांगलेल्या. जन्म आणि स्मशान एका पिनकोडच्या आसपास.

तिथं मला ड्रायव्हरच्या बाजूचं दार मिळालं. आमचं खालून कुजलेलं. मिळालेलं दार टॅक्सीचं, काळं कुळकुळीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हा पेपरांतून हळहळ छापून आली. मला हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू, पण आता भाग मिळतील का हाही विचार त्याच दमात आला. दार आणलं, बाहेरून आमच्या गाडीचा फिकट पिस्ता रंग दिला. आतल्या कडेला, जिथं दार मिटल्यावर दिसत नाही, तिथं काळा रंग तसाच ठेवायला सांगितला. रंगारी म्हणाला, “राहून गेलं असं वाटेल.” म्हटलं, वाटू दे. किती लोकांनी हे दार ‘दादर, स्टेशन’ म्हणत आपटलं असेल! आमच्या गाडीनं बाळंतिणीच नेल्या होत्या असं नाही, आता तिनं अर्धी मुंबईही नेलीय.

गाडी सुरू झाली त्या दिवशी आईला साताऱ्याला नेलं. ती ८१ वर्षांची. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, पेशंटभोवती मारावी तशी. बॉनेटवर हात ठेवून इंजिनची थरथर घेतली. मग म्हणाली, “आयडलिंग जास्त ठेवलंय. कमी करा.” मिस्त्रींनी स्क्रू पाव आटा मागं घेतला. “हां.” एवढंच. ती पुढे शेजारच्या सीटवर बसली, बाबांच्या जागी, आणि सवयीनं त्रिकोणी काच ढकलून वारा स्वतःकडे वळवला.

हँड गिअर मला येत नव्हता. स्टीअरिंगच्या दांड्याला डावीकडे लटकलेली ती काडी, तिचा पहिला कुठे आणि दुसरा कुठे हे हातालाच कळावं लागतं, डोळ्यांना काही दिसत नाही. साताऱ्यापासून बोगदा येईपर्यंत आई एका लयीत बोलत होती. “क्लच पूर्ण. थांब. आता टाक. अगं, ओढू नकोस, सोड तिला, ती जाते.” ब्रेक चारही ड्रमचे, त्यामुळे पुढच्या गाडीशी अंतर ठेवायचं, आणि पुण्यात अंतर ठेवलं की त्यात रिक्षा येऊन बसते. ते तर अजून चालूच आहे.

मला वाटत होतं, गाडी चालती केली की संपलं. चालती करणं सोपं होतं हो. त्यात शेवट दिसत असतो. सांभाळण्यात तो दिसत नाही. पंधरा दिवस हलवली नाही की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट साय राहते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते जुन्या रबराला सोसत नाही, पाणीही ओढतं. इंधनाचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घालून घेतला. टाकी भरलेली ठेवायची, म्हणजे आत ओल धरत नाही. आणि भरलेलं पेट्रोल जुनं होऊ द्यायचं नाही. म्हणजे जाळायचं. म्हणजे कुठेतरी जायचं. आलं लक्षात? कोथिंबीर.

गेल्या मे महिन्यात जरा मोठं निमित्त काढलं, थेट सातारा. खंबाटकीच्या घाटात, भर दुपारी, अर्ध्या चढावर ती खोकली आणि थांबली. मागं ट्रक. मला घाम. आई शांतपणे म्हणाली, “पेट्रोलची वाफ झालीय. पदर नाही ना तुला, ओढणी दे.” इंजिनच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफ चावत बसतो. पाण्याच्या बाटलीत ओढणी भिजवली, पंपावर गुंडाळली, दगड लावून पंधरा मिनिटं बसलो. दोन ट्रकवाले, एक पोलीस आणि एक नवी कोरी पांढरी एसयूव्ही थांबली. एसयूव्हीतल्या गृहस्थांना मदत करायची नव्हती, त्यांना त्यांच्या मामांच्या फियाटची गोष्ट सांगायची होती. सगळ्यांकडे एक मामा असतोच. गोष्ट संपली तोवर पंप गार झाला.

कागदपत्रांचंही एक मजेशीर त्रांगडं पुढे आहे. सध्या दर पाच वर्षांनी तपासणी, फेरनोंदणी आणि वर पर्यावरण कर. ते ठीक. पण २०३४ मध्ये ती पन्नाशीची होईल, म्हणजे केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. मानाची गोष्ट! भाचा फारच उत्साहात होता. मी नियम वाचले. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी प्रदर्शनाला नेता येते, रॅलीला नेता येते, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. आईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढला. “म्हणजे भाजी आणायची नाही?”

“नाही.”

“मग काय उपयोग तिचा,” ती म्हणाली आणि पेपर उलटला.

गेल्या रविवारी मात्र आमची पंचाईत झाली. कोथिंबीर फ्रीजमध्ये होती, दोन जुड्या. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही तिचंच ब्रेक ऑइल आणायला तिलाच घेऊन गेलो होतो, म्हणजे तेही निमित्त वापरून झालेलं. वाण्याचं सामान घरपोच आलेलं. मी म्हटलं, आज राहू दे, ऊनही आहे. अंघोळीला गेले. बाहेर आले तर आई घरात नाही. गॅलरीतून वाकून पाहिलं. खाली, गाडीशेजारी, पायात चपला, हातात घडी केलेली कापडी पिशवी.

“अगं, काय आणायचंय?” मी वरून ओरडले.

“ते ठरवू. तू खाली ये आणि चोक ओढ आधी.”