‘अपात्र’ शेरा आला म्हणून राजीनामा लिहू नका

एसटीच्या चालकाला अर्धांगवायूचा झटका येतो. वायरमनचा हात विजेच्या धक्क्याने जातो. शिक्षिकेची नजर काचबिंदूने मंदावत जाते. काही महिने दवाखान्यात जातात, शिल्लक रजा संपतात आणि वैद्यकीय मंडळाच्या कागदावर शेरा पडतो: ‘सदर पदासाठी अपात्र’. मग आस्थापना शाखेतून निरोप येतो, “स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाका, पुढे मुलाला लावायचं बघू.” घर आधीच घाबरलेलं असतं, त्यामुळे हा अर्ज एका रात्रीत लिहून होतो.

तो लिहिण्याआधी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम २०, पोटकलम ४ वाचा. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कोणतीही शासकीय आस्थापना कामावरून काढू शकत नाही आणि खालच्या पदावरही आणू शकत नाही, असं हे पोटकलम सांगतं. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर बदली करायची. तसं पदच रिकामं नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचं पद, निर्माण करून त्यावर ठेवायचं. योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. थोडक्यात, ‘आमच्याकडे जागा नाही’ या उत्तराची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही. पद नसेल तर ते तयार करण्याची जबाबदारी आस्थापनेची आहे.

‘शासकीय आस्थापना’ म्हणजे फक्त मंत्रालय आणि तहसील कचेरी, असा समज घट्ट आहे. व्याख्या बरीच मोठी आहे. कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, स्थानिक स्वराज्य संस्था, सरकारी कंपन्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्था असे सगळे तिच्यात येतात. म्हणजे एसटी महामंडळ, महापालिका, जिल्हा परिषद, महावितरण आणि अनुदानित शाळाही. अपवाद एकच: कामाचं स्वरूप पाहून सरकार एखाद्या आस्थापनेला अधिसूचना काढून या कलमातून सूट देऊ शकतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ जवानांना २०२१ मध्ये अशी सूट दिली गेली. तुमच्या कार्यालयात कोणी ‘आम्हाला हे कलम लागू नाही’ म्हणालं, तर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लेखी मागा.

आता कार्यालयात हमखास ऐकू येणारी उत्तरं बघू, कारण बहुतेक नोकऱ्या त्यांच्यापुढेच हरतात.

पहिलं, “तुमचं दिव्यांगत्व चाळीस टक्के नाही.” चाळीस टक्क्यांची अट ज्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात त्यासाठी, म्हणजे भरतीतल्या ४ टक्के आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कलम २० (४) मध्ये टक्केवारीचा आकडाच नाही. तरीही प्रमाणपत्र काढून ठेवा. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. कायद्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. मानसिक आजार, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही त्यात आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

दुसरं, “अपघात ड्युटीवर झालेला नाही.” त्याने काही फरक पडत नाही. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, एवढं पुरे. गावाकडे जाताना मोटरसायकलवरून पडून मणका दुखावला तरी संरक्षण तेच.

तिसरं, “तुम्हाला रुग्णता निवृत्तिवेतन (वैद्यकीय अपात्रतेमुळे मिळणारं पेन्शन) मिळतंय की.” सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा २००३ मध्येच निकाली काढला. पाय कापावा लागलेल्या एका कॉन्स्टेबलचं ते प्रकरण होतं. तेव्हा १९९५ चा जुना कायदा होता आणि त्याच्या कलम ४७ मध्ये हीच तरतूद होती. निवृत्तिवेतन देऊ केलं म्हणून नोकरीत ठेवण्याची जबाबदारी संपत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

चौथं उत्तर बोलून दाखवलं जात नाही, ते आदेशात लपलेलं असतं. चालकाला शिपाई किंवा मदतनीस म्हणून घेतलं जातं आणि वेतनश्रेणी शिपायाची लावली जाते. घरी आनंद असतो की नोकरी वाचली. दोन-तीन पगार झाल्यावर फरक कळतो, तोपर्यंत ‘मला मान्य आहे’ असं लिहून दिलेलं असतं. काम कोणतंही द्या, वेतनश्रेणी जुनीच राहिली पाहिजे. म्हणून पर्यायी पदाच्या आदेशावर सही करताना ‘वेतनश्रेणी व सेवालाभ कायम ठेवण्याच्या अधिकाराला बाधा न येता स्वीकारत आहे’ एवढं एक वाक्य हाताने लिहा. दिव्यांगत्व येण्याच्या आधीची शेवटची पगार पावती आणि सेवापुस्तकाची प्रत घरी ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या दोन कागदांवर चालतो.

पर्यायी पद मागणारा अर्ज लांबलचक नको, एक पान पुरे. नाव, पद, सध्याची वेतनश्रेणी, दिव्यांगत्व कधी आणि कशाने आलं, वैद्यकीय मंडळाच्या शेऱ्याची तारीख. त्याखाली मागणी: ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० (४) नुसार मला माझ्या सध्याच्या वेतनश्रेणीत व सेवालाभांसह योग्य पर्यायी पद द्यावे. असे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर सामावून घ्यावे.’ आपण काय करू शकतो तेही लिहा: तिकीट खिडकी, वाहतूक नियंत्रण, टपाल नोंदणी, संगणकावरची कामं. डॉक्टरांकडूनही असाच कागद घ्या. ‘वाहन चालवण्यास अपात्र’ आणि ‘सर्व कामांस अपात्र’ या दोन शेऱ्यांत नोकरीएवढं अंतर आहे. दुसरा शेरा चुकीने पडला असेल तर फेरतपासणी लगेच मागा.

अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवा. या काळात घरी बसून राहू नका. हजर व्हायला गेलात आणि घेतलं नाही, तर ‘आज हजर झालो होतो, काम दिले नाही’ असं त्याच दिवशी लेखी कळवा. हे पत्र नसेल तर तेच दिवस नंतर विनापरवाना गैरहजेरी म्हणून दाखवले जातात आणि दिव्यांगत्वाचं प्रकरण बघता बघता शिस्तभंगाचं होऊन बसतं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

राजीनामा किंवा निवृत्तीचा अर्ज आधीच देऊन बसला असाल तरीही वाट बंद झालेली नाही. पंजाब राज्य वीज मंडळातला एक लाईनमन सेवेत असताना पूर्ण अंध झाला. त्याने स्वतःच निवृत्ती मागितली होती आणि घरातल्या माणसाला नोकरी द्या अशी विनंती केली होती. मंडळ त्या पत्रावर बोट ठेवून बसलं. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्याला आपला हक्क माहीत नव्हता, तो सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं आणि अशा पत्राचा त्याच्याविरुद्ध वापर करता येणार नाही. अशी पत्रं आपल्याकडच्या कितीतरी फायलींत पडून असतील.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक निकाल आला आणि परिवहन खात्यातल्या प्रत्येकाने तो ठाऊक करून घ्यावा. तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या एका चालकाला रंगांधळेपणामुळे वैद्यकीय कारणावर निवृत्त केलं होतं. निवृत्त करण्याआधी पर्यायी पद शोधण्याचा खरा प्रयत्न केला हे महामंडळाने दाखवायला हवं होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि त्याला योग्य पदावर परत घ्यायला लावलं. पद उपलब्ध आहे हे सिद्ध करण्याचं ओझं कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. उत्तरात नुसतं ‘पद रिक्त नाही’ एवढंच आलं, तर कोणकोणती पदं तपासली त्याची यादी माहिती अधिकारात मागा.

दाद कुठे मागायची? आधी आपल्याच आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. कलम २३ प्रमाणे तो नेमलेला असायलाच हवा आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. पुढे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. हे कार्यालय पुण्यात आहे, वकील लागत नाही. आयुक्त कागदपत्रं मागवू शकतात, अधिकाऱ्याला बोलावू शकतात, शिफारस करू शकतात. त्यावर काय केलं हे आस्थापनेने तीन महिन्यांत कळवायचं असतं. पण निवृत्तीच्या आदेशाला तातडीची स्थगिती हवी असेल तर आयुक्तांकडे थांबू नका. आयुक्तांना अंतरिम स्थगिती देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जावं. तिथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. महापालिका, जिल्हा परिषद, एसटी यांच्या कर्मचाऱ्यांना उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. खासगी शाळेतल्या शिक्षकाला सेवेतून कमी केलं किंवा पदावनत केलं, तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला फक्त ३० दिवस मिळतात. आयुक्तांकडे तक्रार पडून आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

खासगी कंपनीतल्या माणसाला कलम २० (४) चं कवच नाही. कायद्यातला हा मोठा खड्डा आहे आणि तो बुजवायला हवा. तरीही हात अगदी रिकामे नाहीत. भेदभावाला मनाई करणारं कलम ३ आहे आणि समान संधी धोरण सक्तीचं करणारं कलम २१ आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांना योग्य पदांची यादी, बदलीत प्राधान्य, विशेष रजा, सहायक साधनं आणि एक संपर्क अधिकारी हे सगळं लिहिलेलं असावं लागतं, आणि धोरणाची प्रत आयुक्तांकडे नोंदवावी लागते. मनुष्यबळ विभागाकडे या धोरणाची प्रत ईमेलने मागा. तळमजल्यावरची जागा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बदललेली वेळ यासाठी लागणारा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही, असं २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे. पगारातून तो कापला गेला असेल तर ती पगार पावती जोडूनच आयुक्तांकडे तक्रार करा.