आचार्यांचं स्वयंपाकघर

अप्लाइड आर्टची चार वर्षं संपवून लोअर परळच्या एका स्टुडिओत चिकटले, त्याला सहा आठवडे झाले होते. डोंबिवलीहून करी रोड, तिथून चालत. सहा आठवडे दुसऱ्यांच्या लेआउटमध्ये फोटो बसवणं आणि एकाच बॅनरचे अकरा साइझ काढणं. मग पहिल्यांदा एक काम अख्खं माझ्याकडे आलं: गिरगावातल्या एका केटररचं सोळा पानी मेनूकार्ड, तीन हजार प्रती, लग्नसराईच्या आधी.

कव्हरवर एकच ओळ होती. 'तीन पिढ्यांच्या आचार्यांचं स्वयंपाकघर'. त्यातला 'र्यां'वरचा रफार बघता बघता सुचलं, की हा वर ओढत नेला तर पातेल्यातून निघणारी वाफ होईल. शेजारच्या अनुस्वाराचा थेंब केला. अख्खी दुपार त्या एका शब्दावर घालवली. सर म्हणाले, "वा." आमच्याकडे सरांचा 'वा' महिन्यातून एखादाच निघतो. केटररकाकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांचे दोन अंगठे आले.

फाइल अगदी शिकवल्याप्रमाणे केली. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, फोटो ३०० डीपीआय, बारीक मजकूर फक्त काळ्यात, कारण चार रंगांत घातला आणि एक जरी हलला तर अक्षराला सावली येते. प्रेसकडे फॉन्ट नसेल म्हणून सगळी अक्षरं आउटलाइनही केली, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून टाकले.

"जा, शीट बघून सही करून ये," सर म्हणाले आणि पुण्याला गेले.

प्रेस दोन गल्ल्या सोडून, तळमजल्याच्या गाळ्यात. मशीनवरचे काका साठीच्या पुढचे, तरुणपणी गिरगावात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवलेले. कव्हर आणि आतली पानं, दोन्हींच्या प्लेट्स, म्हणजे छपाईचे पत्रे, निघाल्या होत्या, आतल्या पानांचं पहिलं शीट नुकतं बाहेर आलं होतं. मी खिशातलं भिंग काढून रजिस्ट्रेशन, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसलेत का, ते बघायला लागले. काका चष्मा नाकावर घेऊन नुसतं वाचत होते.

"मॅडम, हे 'वर्हाडी' वांगं कुठलं?"

मी बघितलं. 'हा'वर रफार.

"आणि खाली 'दुसर्या पंगतीला'." त्यांनी मशीन थांबवलं आणि कव्हरचा प्रूफ उचलला. "मग हे आचार्यसुद्धा आचारीच असणार."

पोटात गोळा आला. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आला होता, मी तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घेतला होता. त्यात जिथे जिथे ऱ्य आणि ऱ्ह होते, तिथे तिथे रफार झाला होता. 'वर्हाडी' निदान डोळ्याला खुपतं. 'आचार्यांचं' खुपत नाही, कारण तो शब्द खरा आहे. माझी वाफ त्या चुकीतूनच निघत होती.

"आमच्याकडे ह्या अर्ध्या ऱचा खिळा वेगळ्या खणात असायचा," काका म्हणाले. कीबोर्डवरही तो वेगळाच आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत शिफ्ट धरून जे. चार वर्षांत मला तो कधी दाबावा लागला नव्हता.

सरांना फोन केला. "क्लायंटने ओके दिलंय ना? मग छाप. एवढं कोण वाचतंय?"

तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. पुढच्या जॉबचा माणूस कागदाचे गठ्ठे घेऊन दारात उभाही होता. मी बाहेर टपरीपाशी जाऊन केटररकाकांना फोन लावला. सरांना न विचारता. हे मी अजून त्यांना नीट सांगितलेलं नाही.

केटररकाका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, माझे आजोबा लोकांच्या मुंजीत भात करायचे. त्यांना आचार्य कोण म्हणणार? आचारीच लिही."

"पण काका, ती वाफ जाईल."

"कसली वाफ?"

त्यांना ती दिसलीच नव्हती.

आउटलाइन केलेल्या फाइलमध्ये अक्षर बदलता येत नाही. धावत स्टुडिओत, मूळ फाइल उघडून सोळा पानांत एकोणीस ठिकाणी ऱ हाताने घातला. कव्हरवर रफारच उरला नाही. पातेलं एकटं फार पोरकं दिसायला लागलं, तेही काढलं. राहिली नुसती ओळ. नव्या प्लेट्स आल्या तेव्हा आमची पाळी गेली होती, मशीन रात्री साडेदहाला मोकळं झालं. आईला फोन करून सांगितलं, शेवटची गाडी मिळेल का माहीत नाही.

शीट आलं. काकांनी बोट ठेवत मोठ्यांदा वाचलं, "आ, चा, ऱ्यां, चं." मग पाठीमागचा मोबाइल नंबर दाखवला. "आता मूळ कागद काढा आणि एकेक आकडा म्हणा."

मी कागद काढला आणि आकडे म्हणायला लागले.