ट्रॉफी त्या पास देणाऱ्याला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. शाळांची बास्केटबॉल स्पर्धा संपते, बक्षिसं वाटून होतात आणि कुणीतरी पालक आम्हा स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. "सर, सगळ्यात जास्त पॉइंट आमच्या मुलाचे. मग बेस्ट प्लेयर तो पॉइंट गार्ड कसा? त्याने तर धड तीन बास्केट नाही मारले." (पॉइंट गार्ड म्हणजे बॉल पुढे आणणारा, पास देऊन संघाचा खेळ जुळवणारा.) कॉलेजची मुलं तोच प्रश्न जरा लांबून आणतात: शॅकिल ओ'नीलसारखा पहाड समोर असताना 2005 साली अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनबीएचा, मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर (एमव्हीपी) पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅश कसा झाला? दोघांनाही माझं उत्तर एकच असतं, फक्त ते टेबलापाशी उभ्या उभ्या देता येत नाही.

ट्रॉफी ठरवताना आपल्या हातात काय असतं ते आधी बघा. एक स्कोअरशीट. तिच्यावर बास्केट लिहितात, फ्री थ्रो लिहितात, फाऊल आणि टाइमआउट लिहितात. पास लिहायला रकानाच नाही. ज्या पोराने बॉल हाफ कोर्टच्या पुढे आणला, दोन डिफेंडर अंगावर ओढून घेतले आणि रिंगखाली मोकळ्या उभ्या असलेल्याला अलगद बॉल दिला, त्याचं त्या कागदावर नावच येत नाही. संयोजकांना मैदान रिकामं करून द्यायचं असतं, प्रमुख पाहुणे घड्याळ बघत असतात, मग शीटवरचा सगळ्यात मोठा आकडा शोधून नाव पुकारलं जातं. आपल्याकडचे निम्मेअधिक बेस्ट प्लेयर असेच ठरतात, हे मी टेबलावर बसणारा माणूस म्हणून सांगतो.

एनबीएमध्ये असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होतं असे पास, मोजतात, हे खरं. पण तिथेही पूर्ण हिशोब लागत नाही. पास सोन्यासारखा आणि शॉट हुकला, तर असिस्ट नाही. पास घेणाऱ्यावर फाऊल झाला आणि त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले, तरी असिस्ट नाही. ज्या पासमुळे डिफेन्स फुटला तो असिस्टच्या आधीचा पास असेल, तर तोही गेला. तेव्हा एखाद्या पॉइंट गार्डच्या नावावर दहा असिस्ट दिसले की समजावं, त्याने करून दिलेलं काम त्याहून बरंच जास्त आहे.

आता नॅश. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला, सहा फूट तीन इंचांचा माणूस. एनबीएच्या मानाने बेताचीच उंची, आणि उडी तर त्याहून बेताची. 2003-04 च्या हंगामात फिनिक्स सन्स 82 पैकी 29 सामने जिंकले होते. पुढच्या उन्हाळ्यात डॅलस सोडून नॅश तिथे आला आणि 2004-05 मध्ये तोच संघ 62 जिंकला. तो खेळला त्या 75 सामन्यांत 60 विजय. तो नव्हता त्या सातांत फक्त दोन. मला पटवायला एवढं पुरे होतं, पण पालकांना पुरत नाही, कारण त्याचे स्वतःचे पॉइंट सामन्यामागे 15.5 होते आणि शॅकचे 22.9.

म्हणून त्याच्या शेजारच्यांकडे बघा. सन्सचा आमारे स्टुडेमायर आदल्या हंगामात सामन्यामागे 20.6 पॉइंट करत होता, नॅश आल्यावर 26 करू लागला. त्याहून बोलका आकडा त्याच्या शॉट लागण्याचा: साधारण 47 टक्क्यांवरून 56 टक्क्यांच्या जवळ. माणूस तोच, उडीही तीच. फरक एवढाच की बॉल आता त्याला रिंगकडे धावता धावता हातात मिळू लागला, रिंगकडे पाठ करून दोघांच्या धक्क्यात नाही.

हे घडायचं कसं, ते नागपाड्याच्या किंवा माटुंग्याच्या इंडियन जिमखान्याच्या कोर्टवर कधी संध्याकाळभर बसलात तर समजेल. आपली मुलं ड्रिबल करत आत शिरतात, समोर उंच पोरगा आला की घाबरून बॉल धरतात. बॉल हातात धरला की खेळ संपला. आता पास तरी द्या नाहीतर शॉट तरी मारा, आणि हे समोरच्यालाही ठाऊक. मग मागून ओरडा सुरू: "छोड ना, छोड!" नॅश बॉल धरायचाच नाही. स्क्रीन, म्हणजे आपल्याच खेळाडूच्या अंगाची आड, घेऊन आत शिरायचा, शॉट नाही दिसला तर रिंगच्या खालून तसाच ड्रिबल करत दुसऱ्या बाजूने बाहेर निघायचा. डिफेन्सचे पाचही जण माना वळवून त्याच्याकडे बघायचे, आणि मान वळली की आपला माणूस सुटतो. त्या अर्ध्या सेकंदात कोपऱ्यातल्या शूटरकडे पास. शिवाय त्याचा स्वतःचा जंप शॉट इतका पक्का की त्याला मोकळं सोडून मागे सरकायचीही सोय नाही.

प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांनी सगळा संघ याच माणसाभोवती पळता ठेवला. शॉट घ्यायला मिळणारा वेळ मोजणारं शॉट क्लॉक 24 सेकंदांचं, पण सन्स पहिल्या सात-आठ सेकंदांत शॉट घेऊन मोकळे. त्या हंगामात सामन्यामागे 110 हून जास्त पॉइंट, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्याच वर्षी बाहेरच्या खेळाडूला हात लावून अडवण्यावर लीगने नियम कडक केला, त्याचाही नॅशला फायदा झाला. हे मी कबूल करतो, पण नियम तर सगळ्याच गार्डांना सारखा होता.

शॅकची बाजूही लंगडी नाही. त्याच उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिस लेकर्स सोडून मायामीला गेला, मायामीचे विजय 42 वरून 59 झाले आणि लेकर्स 56 वरून 34 वर घसरले. माणूस गेल्यावर मागे काय उरलं हीच कसोटी लावायची तर इथे शॅकच पुढे, कारण नॅश गेल्यावर डॅलस मात्र 52 वरून 58 वर चढलं. हा आकडा मला कॉलेजच्या एका पोराने तोंडावर फेकला होता आणि तो जोरदार आहे. माझं म्हणणं एवढंच की डॅलसकडे डर्क नोवित्स्की होता, जो पुढे 2007 मध्ये स्वतः एमव्हीपी झाला. एकट्याने शॉट तयार करणारा असा माणूस घरात असला की पॉइंट गार्ड गेल्याचं तितकं जाणवत नाही. फिनिक्समध्ये धावणारे, उडणारे, नेम असणारे सगळे होते, खेळ जुळवणारा कुणी नव्हता. मतदान करणाऱ्या पत्रकारांनाही हे एकतर्फी वाटलं नसावं: नॅशला 1066 गुण, शॅकला 1032.

लोक 2005 वर भांडतात. माझ्या मते भक्कम बाजू पुढच्या वर्षाची आहे, तेव्हाही एमव्हीपी नॅशच झाला. 2005-06 मध्ये जो जॉन्सन अटलांटाला गेला, क्वेंटिन रिचर्डसन न्यूयॉर्कला गेला आणि स्टुडेमायर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जेमतेम तीन सामने खेळला. म्हणजे ज्यांच्या जिवावर नॅश मोठा झाला असं म्हणत होते, त्यातले तिघे नाहीत. तरी सन्स 54 जिंकले. अटलांटात सामन्यामागे पाच पॉइंटही न करणारा बोरिस डिआव फिनिक्सला येऊन 13 वर गेला आणि सर्वाधिक सुधारणेचा पुरस्कार घेऊन गेला. त्याच हंगामात लेकर्सचा कोबी ब्रायंट सामन्यामागे 35.4 पॉइंट करत होता. 22 जानेवारीला टोरांटोविरुद्ध त्याने एकट्याने 81 मारले. बघायला मी केव्हाही कोबीच निवडेन. पण लेकर्स 45 जिंकले, आणि कोबीबरोबर खेळून कुणाचा डिआव झाला असं मला आठवत नाही. मतदानात कोबी चौथा आला. ते मात्र जरा अतीच झालं, दुसरा तरी यायला हवा होता.

नॅशचा डिफेन्स कच्चा होता, तो कधी फायनलपर्यंत पोचला नाही, हे दोन टोमणे ठरलेले. दोन्ही खरे आहेत. पण एमव्हीपीचं मतदान नियमित हंगामावर होतं, त्यानंतरच्या बाद फेरीवर, म्हणजे प्लेऑफवर, नाही. आणि डिफेन्सची भरपाई समोरच्या रिंगमध्ये किती होते, ते वर सांगितलंच.

म्हणून प्रत्येक पॉइंट गार्डला ट्रॉफी द्या, असं मी म्हणत नाही. जॉन स्टॉकटनच्या नावावर 15,806 असिस्ट आहेत, त्याच्या जवळपासही कुणी नाही, आणि त्याला एकदाही एमव्हीपी मिळालं नाही. त्याच्या पासवर खेळणाऱ्या कार्ल मलोनला दोनदा मिळालं. यावर मी अजून चिडतो, पण मलोन खरोखर मोठा होता आणि एका वर्षी एकच नाव निघतं. उलट आपल्याकडच्या सामन्यांत असेही पॉइंट गार्ड दिसतात जे फक्त असिस्टसाठी बॉल कवटाळून बसतात. शॉट क्लॉक संपत आलं की कसातरी ढकलतात आणि शॉट हुकला की हात झटकतात. तो मुलगा मला नको.

मला कोण हवा, ते ठरवायची माझी रीत साधी आहे. स्कोअरशीट दुसऱ्याकडे देतो आणि तो पोरगा पाणी प्यायला बाकावर बसला की त्याचा संघ काय करतो ते बघतो. बॉल हाफ कोर्टच्या पुढे येतोय का? आठ सेकंदांत बॉल पुढे न आणल्याचं उल्लंघन किती? तुमच्या मुलाला बॉल कुठे मिळतोय, रिंगखाली की पार साइडलाइनला? बहुतेक वेळा तोच मुलगा, ज्याने सगळ्यात जास्त पॉइंट मारलेले असतात, त्या चार मिनिटांत एकही मारत नाही. त्याचं काही चुकत नसतं, त्याला बॉलच मिळत नसतो. त्या चार मिनिटांत तुम्ही टेबलाच्या बाजूला येऊन बसलात तर ट्रॉफीवर कुणाचं नाव घालायचं ते तुम्हीच सांगाल. आणि हो, तुमच्या मुलाला आधी विचारून बघा. संघातल्या मुलांना हे सगळ्यात आधी ठाऊक असतं, ती फक्त घरी सांगत नाहीत.