आमची वाटचाल: एका नव्या जास्वंदीचा खर्च

बाबांनी बडोद्यात पादरा रोडला नर्सरी काढली, तेव्हा जास्वंद म्हणजे गणपतीला वाहायची साधी लाल. पावसाळ्यात काड्या खोचल्या की रोपं तयार. खर्च काय तो पिशवीचा नि शेणखताचा. आता आम्ही संकरित वाण ठेवतो, काही बाहेरून घेतलेले, काही घरचे. "एवढ्याशा कुंडीचे साडेचारशे?" असं दांडिया बाजारातलं जुनं गिऱ्हाईकही विचारतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बाहेरच्या वाणाचं आधी मदर प्लांट, म्हणजे ज्याच्यापासून पुढची कलमं काढायची ते मूळ रोप, घ्यावं लागतं. परदेशातून मागवायचं तर आयात परवाना, तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र आणि इथे आल्यावर क्वारंटाइन. त्यात रोप दगावलं की पैसे बुडाले. जगलं तरी एक अख्खा उन्हाळा ते आमच्याकडे काढतं. त्यानंतरच देशी जास्वंदीच्या खुंटावर त्याची कलमं बांधतो, कारण बऱ्याच संकरित वाणांची स्वतःची मुळं नाजूक असतात.

घरचा वाण काढायचा तर त्याहून चिकाटी लागते. सकाळी फूल उमललं की एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या केसराच्या शेंड्यावरच्या पाच मखमली टोकांना अलगद लावायचे आणि देठाला चिठ्ठी बांधायची: आई कोण, बाप कोण. हे काम माझी बायको करते, तिचा हात हलका आहे. तरी बरीच फुलं गळतात. टिकलेलं बोंड पिकायला दीड-दोन महिने आणि बी रुजल्यावर पहिलं फूल दिसायला वर्ष, कधी दोन. जास्वंदीत गुणसूत्रांचे अनेक संच असतात, त्यामुळे एका बोंडातली भावंडंही एकमेकांसारखी निघत नाहीत. रंग सुरेख पण पाकळी दुपारीच लोंबली, तर रोप बाद. कळ्या गळाल्या तरी बाद. ह्या बाद रोपांनीही जागा, पाणी, मजुरी घेतलेलीच असते. साडेचारशेतला मोठा वाटा त्यांचा आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, वाफ्यांत पाणी तुंबलं आणि काही मदर प्लांट मुळांपासून कुजली. तेव्हापासून प्रत्येक वाणाची एक जोडी नातेवाइकांच्या गच्चीवर असते.

आपल्याकडे 2001 चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचं चाचणीत सिद्ध झालं की झाडं-वेलींना 18 वर्षं, इतर पिकांना 15 वर्षं संरक्षण मिळतं. त्यासाठी नोंदणीची, चाचणीची, शिवाय दरवर्षीची फी. आमच्यासारख्या घरगुती धंद्याला ती जड जाते, म्हणून आम्ही अजून नोंदणी केलेली नाही. पण दुसऱ्याचा नोंदलेला गुलाब परवानगीशिवाय आम्ही वाढवत नाही. त्यामागेही कुणाची तरी दहा-दहा वर्षं गेलेली असतात.

मदर प्लांट वाढली, कलमं भरपूर निघाली की भाव आम्ही आपणहून उतरवतो. मधोमध लाल ठिपक्याची आमची पिवळी जास्वंद यंदा गणपतीच्या आधी तीनशेला मिळेल.