थाळनेरचा नाका: बोलणं तोलायचं की मुद्दा?

मंडळी, आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये (फासे टाकून पात्रं साकारायचा खेळ) थाळनेरचा नाका अखेर पार झाला! तीन रविवार खेळाडूंचं पथक तापीकाठी पहारेकऱ्यापुढे अडकलं होतं आणि चूक माझ्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, नियमाची होती.

‘आधी बोलून दाखवा, छान जमलं तर ॲडव्हान्टेज’ (म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा) हा माझा नियम होता. आमच्यातल्या वकीलभाऊंच्या लढवय्याचा करिश्मा, म्हणजे छाप पाडायची ताकद, ८; म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात उणे १. पण पहारेकऱ्याने ‘कथा चालना भो?’ (कुठे निघालास भाऊ?) विचारलं की भाऊ अहिराणीत असे रंगतात की डीसी (गाठायचा आकडा) १५ची त्यांची २५ टक्के शक्यता ॲडव्हान्टेजने ४४च्या जवळ जाते. रावेरच्या ताईंच्या बार्डचं (गाणाऱ्या पात्राचं) परस्वेजन, म्हणजे मन वळवायचं कौशल्य, अधिक ५, म्हणजे सरळ ५५ टक्के. तरी त्या फासाच उचलेनात. ‘मला असं बोलता येत नाही,’ म्हणाल्या. फार लागलं मला ते. तलवारीचा वार करताना आपण कुणाला उठून पट्टा फिरवायला लावतो का?

मग उलटं केलं: आधी फासा, नंतर अभिनय. भाऊंना ३ पडला. मुद्दाम फसकं बोलायचं म्हटल्यावर त्यांचा रसच गेला.

परवा फक्त मुद्दा तोलला. काय हवं आणि बदल्यात काय देणार, एवढंच सांगायचं, साध्या एका वाक्यात. डीसी त्यावरून. २०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्याच्या नियमपुस्तकात) तटस्थ माणूस बिनधोक्याचं काम १०ला करतो, थोडी जोखीम असेल तर २०ला. ताईंनी इन्साइटचा (मन ओळखायचा) फासा टाकून पहारेकऱ्याचा पगार थकल्याचं हेरलं. ‘माझा बार्ड ही तक्रार किल्लेदाराच्या कानावर घालेल, शिवाय आमची नोंद वहीत रीतसर करा.’ जोखीमच उरली नाही, २०चा डीसी १०वर आला. फासा ६, एकूण ११. आणि मग, कुणी न सांगता, ताई बार्डच्या आवाजात दोन वाक्यं बोलल्या. वकीलभाऊंनीच पहिली टाळी वाजवली.

  

पुढे बाजारातल्या दहा एनपीसींची (मी साकारतो त्या पात्रांची) गरज आणि भीती कार्डांवर लिहिणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं: फासा हुकला की नकार कशाला, किंमत वाढवावी. पहारेकरी ‘जा, पण घोडा इथंच ठेवा’ म्हणाला असता तर खेळ थांबलाच नसता. मग कार्डावर तिसरी ओळ हवी, हुकल्यास काय मागेल. आणि बाजाराचा बेतही सोडून देतो. आपली मोहीम १३९९मध्ये आहे, खानदेशच्या फारुकी गादीवर मलिक राजानंतर नासिर खान येतोय. असीरगडाचा धनी आसा अहिर याच्याकडे कुटुंबासाठी आसरा मागून डोल्यांतून शिपाई आत नेत नासिर खानाने तो गड घेतला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पथकाला त्या डोल्यांच्या वाटेवरच उभं करतो. आसाला सावध करायचं की डोलीत बसायचं, ताईंना ठरवू दे. आसाचं कार्ड आज रात्रीच लिहायला घेतो.