टीव्हीवर कधी दिसणार?

"काय गं, टेनिसवाला काय म्हणतोय? टीव्हीवर कधी दिसणार?"

हा प्रश्न मला साताऱ्यात पोवई नाक्यावर भाजी घेताना विचारतात, ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत समोरचा वाढपीसुद्धा विचारतो. मी "दिसेल हो" म्हणून पुढे सरकते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी वाण हातात ठेवता ठेवता पुढचाही प्रश्न विचारला, "मग पोटापाण्याचं काय करतो?" तेव्हा ओटी सावरत मी काहीतरी पुटपुटले. आता सगळेच विचारता म्हणून एकदाच नीट सांगते.

मी त्याची मोठी बहीण. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे घरातला हिशेब आपोआप माझ्याकडे आला. त्याची तिकिटं, व्हिसाचे कागद आणि स्पर्धांच्या एंट्र्या मीच बघते. तो खेळतो. बाकीचं धंद्याचं सगळं घरच्या डायनिंग टेबलवर चालतं.

आपल्या जिल्ह्याला खेळ कळत नाही असं कोण म्हणेल? गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, हे आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये आपली अदिती स्वामी 17 व्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात धनुष्य हातात धरलं नव्हतं तेही पेढे वाटत होते. पदक कळतं, पदकाची मिरवणूक कळते. आमच्या धाकट्याच्या खेळात मात्र आठवड्याची स्पर्धा संपते, तो हरून पुढच्या गावाला जातो, आणि हेच त्याचं काम चालू असल्याचं लक्षण असतं. 32 जणांच्या ड्रॉमधले, म्हणजे स्पर्धेच्या सोडतीतले, 31 जण दर आठवड्याला हरतातच. हे लोकांना सांगणं अवघड आहे. सुरुवातीला मलाच पटत नव्हतं.

तो आठ वर्षांचा असताना घराजवळच्या सिमेंटच्या कोर्टावर सुरुवात झाली. जून ते सप्टेंबर कोर्टावर शेवाळ, मग ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या वर्षी पुणं. बाबा दर शनिवारी पहाटे खंबाटकी घाट ओलांडून त्याला न्यायचे, रविवारी रात्री परत. वयोगटातल्या स्पर्धा, राज्याचं रँकिंग, देशाचं रँकिंग हे सगळं होत गेलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. शेकडो पोरं ते करतात. खरी गोष्ट अठरानंतर सुरू होते, जेव्हा वयोगट संपतो आणि समोर तीस वर्षांचा, दाढीवाला, दहा वर्षं हेच करून पोट भरणारा माणूस येतो.

व्यावसायिक पुरुष टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एम 15. म्हणजे सगळ्या स्पर्धेची मिळून बक्षिसाची रक्कम 15 हजार डॉलर. त्यातले विजेत्याला 2160. मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरलात तर 156 डॉलर, साधारण 13 हजार रुपये, आणि त्यातूनही कर कापला जातो. रँकिंगचा गुण शून्य. आणि मुख्य फेरीत जायला रँकिंग लागतं, ते नसेल तर आधी पात्रता फेरी खेळायची. तिथे हरलात तर एक पैसाही नाही. तिथे एक-एक सेट झाला तर तिसरा सेट पूर्ण खेळायला मिळत नाही, दहा गुणांचा मॅच टायब्रेक, म्हणजे छोटा निर्णायक डाव. पंच बऱ्याचदा दोन-तीन कोर्टांत मिळून एक, फिरता. आपल्या बाजूची रेष आपणच पाहायची आणि 'आऊट' आपणच म्हणायचं. समोरच्याने चुकीचं म्हटलं की तिथेच वाद.

पहिला एटीपी गुण, म्हणजे पुरुषांच्या जागतिक रँकिंगचा गुण, मिळवायचा तर मुख्य फेरीत एक सामना जिंकावा लागतो. एक गुण. विजेत्याला 15. धाकट्याला तो एक गुण बाराव्या स्पर्धेत मिळाला. त्या आधीच्या अकरांपैकी सात वेळा तो पात्रता फेरीतच हरला. बाराव्या वेळी मिरजेहून पुढे रात्रीच्या गाडीने कर्नाटकात गेला होता. पात्रतेचे तीन सामने जिंकले, मग मुख्य फेरीतला पहिला. रात्री फोन आला, "ताई, एक झाला." आईला वाटलं एक सामना झाला, अजून बाकी आहेत. तिने विचारलं, "जेवलास का?"

तो गुण 52 आठवड्यांनी उडाला. टेनिसमध्ये गुण साठवता येत नाहीत. मागच्या वर्षी ज्या आठवड्यात मिळवले, त्या आठवड्यात ते गळून पडतात. मी हिशेबनीस असून हा हिशेब मला अजून अन्यायाचा वाटतो. शिल्लक पुढच्या वर्षी ओढून नेता येत नाही अशी वही मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

विचारा ना, मग पैसे कुठून येतात? बाबांच्या फंडातून, माझ्या पगारातून, पुण्यातल्या एका अकॅडमीत तो लहान मुलांना शिकवतो त्यातून. आणि गटिंगमधून, म्हणजे रॅकेटला तारा ओढून देण्यातून. रॅकेटच्या तारेचं 200 मीटरचं रीळ येतं, एका रॅकेटला 12 मीटर लागतात, म्हणजे एका रिळात 16 रॅकेटी. जुनं मशीन घेतलंय. जवळपासच्या स्पर्धेला ते गाडीत घालून नेतो आणि स्वतःचा सामना नसेल तेव्हा दुसऱ्यांची गटिंग करून देतो. ज्याच्याशी उद्या खेळायचंय त्याच्याही तारा ओढून दिल्यात. एका बँकेत आम्ही कर्जाला गेलो, तिथल्या साहेबांनी "धंदा कोणता?" या रकान्यापाशी पेन थांबवलं ते थांबवलंच.

हे रडगाणं नाही, आणि आम्हीच काही वेगळे नाही. सुमित नागल भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, आणि 2023 मध्ये त्याने सांगितलं की खात्यात 900 युरोच उरले आहेत. चार महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, त्याच नागलने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये 31 वं मानांकन असलेल्या कझाकस्तानच्या बुब्लिकला हरवलं. मग टीव्हीवर दिसला. 2024 च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही 60 हजार पौंड मिळाले. आमचा धाकटाही पहिल्या फेरीत हरतो. हार तीच, भाव वेगळा.

2023 च्या जानेवारीत आम्ही दोघं पुण्यात बालेवाडीला टाटा ओपन स्पर्धा बघायला गेलो होतो. मानस धामणेला, वय 15, वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंगशिवाय थेट प्रवेश, मिळालं होतं, समोर अमेरिकेचा मायकेल म्मोह. पोरगा दोन सरळ सेटमध्ये हरला. आमच्या मागे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "चला, संपलं." धाकटा पूर्ण वेळ मानसच्या पायांकडे बघत होता, दुसऱ्या सर्व्हला तो किती पुढे सरकतोय ते. परतीच्या वाटेवर शिरवळपर्यंत त्यावरच बोलला.

हे सगळं मी ज्यांना एकदाच सांगितलं आणि ज्यांना लगेच कळलं, ते म्हणजे आमच्या गल्लीतले आबा. ऐंशीच्या घरातले, जुने पैलवान, कान चुरगाळलेले. त्यांनी कधीच टीव्हीचं विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्येच्या खुराकाचं काय गं?"

मी एम 15, पात्रता फेरी, एक गुण, सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजी रेवडीवरची कुस्ती म्हण की."

जत्रेतला फड पाहिला असेल तुम्ही. दुपारी उन्हात बारकी पोरं रेवड्यांवर लढतात, मग दहा-वीस रुपयांची जोड, मग शंभर, पाचशे, आणि दिवस मावळता मावळता लाखाची शेवटची कुस्ती. गर्दी तेव्हा होते. पण शेवटच्या जोडीतला प्रत्येक गडी कधीतरी त्या दुपारच्या उन्हात रेवड्यांसाठी माती खाऊन आलेला असतो. आबा म्हणाले, त्यांनी स्वतः रेवडीवर किती कुस्त्या केल्या ते आठवत नाही, आणि लाखाची एकही केली नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत होती का, मला ओळखता आलं नाही. खरं तर त्यांनी लगेच विषय बदलला आणि बदाम दुधात भिजवून द्यायचे की पाण्यात, यावर अर्धा तास घेतला.

आता धाकटा ट्युनिशियात मोनास्टिरला आहे. तिथे हॉटेलातच कोर्ट आहेत आणि वर्षभर बहुतेक दर आठवड्याला स्पर्धा असते, त्यामुळे प्रवासाचा खर्च वाचतो. तीन आठवडे एका खोलीत दुहेरीच्या जोडीदाराबरोबर. कपडे बाथरूममध्ये धुतो. एंट्रीची मुदत गुरुवारी संध्याकाळी, आपल्या साडेसातला संपते, आणि ती स्पर्धा सुरू होण्याच्या अठरा दिवस आधी. म्हणून दर गुरुवारी माझं ऑफिस साडेसहाला सुटायलाच लागतं. मागे एकदा जीएसटीच्या गडबडीत मी विसरले, आणि तो एक आठवडा घरी बसला. त्यावर तो काही बोलला नाही, मीच अजून बोलते.

तर काकू, टीव्हीवर कधी, ते मला माहीत नाही. मोबाइलवर मात्र तो आत्ताही दिसतो. लाइव्ह स्कोअरचं पान उघडलं की दोन नावं, दोन आकडे, आणि ज्याची सर्व्हिस त्याच्या नावापुढे एक ठिपका. आई तो फोन ओट्यावर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवते आणि कणीक मळता मळता बघते. पंधरा, तीस, मग चाळीस का, हे तिने मला विचारलंय आणि मला सांगता आलेलं नाही. काल तो ठिपका बराच वेळ हललाच नाही. चाळीस-चाळीस, अॅडव्हान्टेज, पुन्हा चाळीस-चाळीस. आई म्हणाली, "अगं, अडकलं का काय हे?"

अडकलं नव्हतं. अकरा मिनिटं तो एकच गेम चालू होता.