सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवरची हडळ

2024च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ताईकडे गेले होते, दिवाळीला एकदा तरी सगळे एकत्र असू म्हणून, आणि त्या वर्षी तिथीने अशी गंमत केली की नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी आली. तिथल्या पंचांगाप्रमाणे तर लक्ष्मीपूजनही त्याच संध्याकाळी होतं, पण ताईच्या फ्रिजवर पुण्याहून आलेलं कॅलेंडर टांगलेलं असतं आणि घरात त्याचंच राज्य चालतं, त्यामुळे लक्ष्मी शुक्रवारी आणि गुरुवारची संध्याकाळ भुतांना मोकळी. पहाटे उटणं लावून आंघोळी झाल्या. क्वीन्समध्ये कारीट कुठून मिळणार, म्हणून भाचीने कोपऱ्यावरच्या दुकानातून इवलासा शोभेचा भोपळा आणला, मी 'गोविंदा' म्हणत त्याच्यावर पाय दिला, तो काही फुटला नाही, घरंगळत सोफ्याखाली गेला आणि माझा अंगठा मात्र दुखावला. दिवसाची सुरुवातच पायापासून झाली म्हणायची.

संध्याकाळी मॅनहॅटनमध्ये व्हिलेज हॅलोविन परेड असते. तिथे नुसतं बघायला नाही, चालायलाही जाता येतं, तिकीट नाही, नाव नोंदवणं नाही, अट एकच, सोंग हवं. भाचीने आठवडाभर आधीच फर्मान काढलं होतं, मावशी यू आर कमिंग. मी म्हटलं येते, पण चेटकिणीची टोपी घालणार नाही, आपल्याकडे भुतांचा काय दुष्काळ आहे का? मुंजा, खवीस, समंध, गिऱ्हा, जखीण, कोण म्हणशील ते आहे. बराच विचार करून हडळ ठरली.

आता हडळ म्हटलं की सगळ्यांना पांढरी साडी आठवते, पण ती हिंदी सिनेमावाल्यांची. माझी आजी वेंगुर्ल्याकडची आणि तिच्या गोष्टीतली हडळ हिरव्या लुगड्यात असायची, हातभर हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, केस मोकळे, समोरून बघितलं तर कोणाची तरी नवी सून वाटावी अशी, फक्त नजर खाली गेली की पाय उलटे! टाचा पुढे, बोटं मागे. पांढरी साडी असती तर ताईने सणाच्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नसतं, हिरवी म्हटल्यावर तिनेच कपाटातून स्वतःची रेशमी काढून दिली.

पायाचं इंजिनियरिंग भाचीचं. तिचे जुने कॅनव्हासचे बूट मागून कापले, आत वर्तमानपत्र कोंबलं आणि चंदेरी डक्ट टेपने माझ्या सँडलच्या टाचेला असे चिकटवले की बुटांची तोंडं मागच्या बाजूला. माझी खरी बोटं काळ्या मोज्यांत लपवली. हे चाललेलं असताना मी तिला आरवलीच्या वेतोबाची गोष्ट सांगितली, त्याला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात आणि तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं म्हणतात. ती टेप दाताने तोडत म्हणाली, मग त्याचे पाय कुठल्या बाजूला? सरळ गं बाई, तो देव आहे.

जॅक्सन हाइट्सहून ई ट्रेन पकडली. शेजारी एक माणूस शॉवर बनून उभा होता, म्हणजे डोक्यावर रॉड, रॉडला गोल पडदा आणि आत तो, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, माझ्याकडे तर नाहीच. त्यात उकाडा असला की विचारू नका, मी थंडीचे कपडे भरून नेलेले आणि त्या दिवशी पारा 27 अंशावर, पुण्याची ऑक्टोबर हीट माझ्या मागोमाग आली असावी. कॅनल स्ट्रीटला उतरून जिने चढेपर्यंत घाम फुटून कुंकू ओघळायला लागलं, ते एका अर्थी बरंच झालं, तेवढी तरी भीती.

पण कसली भीती! वाटेत जो भेटेल तो म्हणे हॅपी दिवाली, यू लुक ब्यूटिफुल. एका पोलिसानेही म्हटलं. आणि परेडमध्ये शिरायच्या ठिकाणी एका पोराने हात आडवा करून विचारलं, मॅम, कॉस्च्युम कुठाय? मी म्हटलं हाच. तो म्हणाला, नो नो, हा तुमचा ड्रेस झाला. आता ह्याला काय सांगू. पाठ फिरवली, साडी चार बोटं वर धरली आणि म्हटलं, लुक. तो वाकला, बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाला, ओके, गो गो गो. दिवसभरात घाबरलेला पहिला माणूस.

आत गेल्यावर मात्र शिमगा आठवला. ही परेड 1974 साली राल्फ ली नावाच्या मुखवटे करणाऱ्या कलाकाराने सुरू केली, स्वतःची मुलं आणि मित्रमंडळी घेऊन तो आपला ग्रीनिच व्हिलेजच्या गल्ल्यांतून फिरला होता, कोकणात खेळे दारोदारी जातात तसाच. आता सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू अख्खा बंद करतात, दोन्ही बाजूंना बॅरिकेड, आणि सगळ्यांत पुढे काठ्यांवर नाचवलेले उंचच्या उंच सापळे. मूळ सण आयर्लंडकडचा, हिवाळ्याच्या तोंडावर मेलेले परत येतात म्हणायचे, तिकडे सलगम कोरून दिवे करायचे, अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला. आपण पितरांना खीर-वडे ठेवून कावळ्याची वाट बघत बसतो, ह्यांनी भुतांसारखंच नटून रस्त्यावर यायचं ठरवलं. त्या वर्षीची थीम होती मांजर, त्यामुळे जिकडे तिकडे शेपट्या आणि मिशा, आणि मांजर आडवं गेलं तर थांबायचं ह्या हिशेबाने मी अजून कॅनल स्ट्रीटलाच उभी असते.

चालणं सोपं नव्हतं. मागून येणारा दर दोन मिनिटांनी माझ्या बुटांवर पाय द्यायचा आणि कळवळून सॉरी म्हणायचा, मी म्हणायची इट्स ओके, ती माझी बोटं नाहीत, आणि तो आणखीनच गोंधळायचा. आणि दर चौकात कोणीतरी विचारायचं, तू कोण? मी आपली सुरू, इन महाराष्ट्रा वुई हॅव धिस लेडी घोस्ट... तोवर बँड वाजायला लागायचा. भाची म्हणाली मावशी, पाटी लावायला हवी होती.

दहाव्या स्ट्रीटच्या आसपास असेन. बॅरिकेडपलीकडून एक म्हातारी किंचाळली, "सिग्वापा! सिग्वापा!" बोट सरळ माझ्या पायांकडे. साठी-सत्तरीची, बरोबर नातू, त्याच्या अंगावर मांजराचा पोशाख. ती स्पॅनिशमध्ये धबाधबा बोलत होती आणि तो चुरमुरे खातखात, म्हणजे पॉपकॉर्न, इंग्रजीत सांगत होता. त्या लोकांचा देश डॉमिनिकन रिपब्लिक. तिथे डोंगरात सिग्वापा राहते, केस गुडघ्यापर्यंत, पाय उलटे, त्यामुळे तिच्या पावलांचा माग काढत गेलं की माणूस भलतीकडेच पोचतो. रात्री येते. पुरुषांना भुलवून नेते. मी म्हटलं अगदी तीच, आमची चिंचेखाली बसते आणि पाठीमागून हाक मारते, तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायचा नाही. नातवाने ते आजीला सांगितलं. तिने छातीवर क्रॉस केला, मग बॅरिकेडवरून हात घालून माझा चुडा चाचपून बघितला आणि बराच वेळ काहीतरी म्हणत राहिली, ते भाषांतर करायला नातू तयार होईना, त्याला पुढचा सापळा बघायचा होता. मागचे ढकलायला लागले, मी पुढे गेले. वळून बघितलं तर ती अजून पायांकडेच बघत होती, आणि मला उगाच वाटलं की तिच्या हिशेबाने मी आता तिच्याचकडे चालत येतेय.

पंधराव्या स्ट्रीटला परेड संपली तेव्हा डावा बूट गळून पडला होता. परतीच्या ट्रेनमध्ये एक पाय हडळीचा, एक माझा. शॉवरवाला पुन्हा भेटला नाही, वाट बघत होते.

शुक्रवारी भाचीला सुट्टी होती. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाली, आणि ताईने ती पोरीला जराही लोळू न देता कामाला लावून सत्कारणी लावली. मी फराळाची ताटं भरत होते, ती दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये रांगोळी घेऊन बसलेली, लक्ष्मीची पावलं काढायला. बराच वेळ आवाज नाही. मग दार ढकलून डोकं आत आलं.

"मावशी, बोटं घराकडे ना? नक्की?"